तिसरा रकाना

आक्का गेल्याची बातमी मला तीन ग्रुपवर तीन तऱ्हेनं कळली. पहिल्या ग्रुपवर ती शाळेत शिकवता शिकवता कोसळली होती. दुसऱ्यावर चांद्याच्या वळणावर तिच्या स्कूटीला डंपरनं उडवलं होतं. तिसऱ्यावर नुसता तिचा फोटो, खाली जोडलेल्या हातांची रांग, आणि मध्येच कुणीतरी विचारलेलं, "कोण ह्या?" मी मुळशीतला वार्ताहर आहे. पुण्याच्या एका दैनिकाला वीसएक वर्षं इकडच्या बातम्या पाठवतो. पोट माणमधल्या खोल्यांच्या भाड्यावर चालतं, वार्ताहरकी ही आपली खाज. तर त्या सकाळी मी सवयीनं केलं ते असं, की आक्काच्या नवऱ्याला, दाजींना, फोन लावला आणि विचारलं, "दाजी, खरं हाय का?" ते म्हणाले, "व्हय." आणि मी म्हणालो, "किती वाजता?"

दाजी म्हणाले, "सव्वासहा. शाळंत जायचं म्हणून वेणी घालत व्हती. खाली बसली ती बसलीच." मी ते पॅडवर लिहून घेतलं. स्वतःच्या बहिणीच्या मरणाची वेळ मी बॉलपेननं लिहून घेतली आणि खाली रेघ मारली.

आक्का म्हणजे सुमन ढमाले. माझी चुलत बहीण, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. नांद्यात आम्ही एका अंगणात वाढलो, मग ती शेजारच्याच चांद्यात नांदायला गेली आणि आमच्या भागातल्याच एका हायस्कुलात तिनं जवळजवळ तीस वर्षं मराठी शिकवलं. सगळ्या गावाची ती बाई, माझी आक्का. त्या दिवशी तिकडं निघण्याआधी मी पेपरच्या पुण्यातल्या डेस्कला आठ ओळी पाठवल्या. 'विद्यार्थिप्रिय, मनमिळाऊ शिक्षिका... त्यांच्या पश्चात पती, मुलगा, सून असा परिवार आहे.' मनमिळाऊ तर ती अजिबात नव्हती. मुख्याध्यापकांपासून दूधवाल्यापर्यंत सगळे तिला टरकून असायचे. पण गेल्या वीस वर्षांत तालुक्यात वारलेल्या प्रत्येकाला मी मनमिळाऊ करून टाकलंय, हात आपोआप चालतो. दहाव्याला घाटावर पुढाऱ्यांची भाषणं झाली, तीही मी टिपून घेतली. रडू आलं नाही. तिला जाऊन आज पाच आठवडे झाले, अजून आलेलं नाही. मला काही वाटतच नाहीये, आणि खरं सांगायचं तर त्याचीच भीती वाटते.

तिच्याबद्दल लिहायचं तर शनिवारच्या सकाळच्या शाळेबद्दल लिहायला हवं. नववीचा पहिला तास ती 'बातमीचा तास' म्हणून घ्यायची. हे कुठल्याही वेळापत्रकात नव्हतं. मुलांनी घरून पेपर आणायचा, पेपर येत नसेल तर वडापावला गुंडाळून आलेला तुकडा आणायचा, तोही नसेल तर घरच्यांच्या मोबाइलवर आलेला मेसेज वहीत उतरवून आणायचा. वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात एक फलक होता, त्यावर तिनं ऑइलपेंटनं तीन रकाने आखून घेतले होते. पहिल्यावर 'काय घडलं?', दुसऱ्यावर 'बातमीदाराला काय वाटलं?', तिसऱ्यावर 'कुणाला विचारलं नाही?' कात्रण वर टाचायचं आणि खाली तीन रकाने भरायचे. पहिला रकाना मुलं पटापट भरत, दुसऱ्याला वेळ लागे. तिसऱ्यापाशी ती त्यांना अर्धा अर्धा तास उभं करायची.

एका शनिवारी तिनं मला मागच्या बाकावर बसवून घेतलं होतं. "ह्यो माझा भाऊ. बातम्या देतो. आज ह्याच्यासमोरच चिरफाड करू," अशी माझी ओळख करून दिली. त्या आठवड्यात रस्त्यासाठी गावकऱ्यांनी रस्ता अडवला होता. एका पेपरात 'ग्रामस्थांच्या संतापाचा उद्रेक', दुसऱ्यात 'आयटी कर्मचारी तीन तास वेठीस'. वर्गात दोन्ही बाजूंची पोरं होती. माणमधल्या एका जमीनवाल्याची मुलगी, तिचा बाप रस्त्यावर बसलेला. आणि मूळचा परभणीकडचा, इथल्या सोसायटीत राहणारा एक मुलगा, त्याचा बाप गाडीत अडकलेला. मला वाटलं, आता जुंपणार. आक्कानं मुलीच्या हातात ग्रामस्थांच्या बाजूचा पेपर दिला, मुलाच्या हातात दुसरा. मुलगी म्हणाली, "बाई, ह्यात काय चूक न्हाई, हे बरोबरच लिवलंय." आक्का म्हणाली, "म्हणून तर तुला दिलाय. दुसऱ्याच्या बातमीतली खोट काय, कुणालाबी दिसती. आपल्या बाजूची बातमी आधी तपासायची." पोरगी फुरंगटून बसली. पण तास संपताना तिनं तिसऱ्या रकान्यात लिहिलं होतं, 'अॅम्ब्युलन्स अडकली होती का ते कुणाला विचारलं नाही.' मुलानं लिहिलं होतं, 'रस्ता कधीपासून खराब आहे ते गावातल्या कुणाला विचारलं नाही.'

हा नियम ती स्वतःलाही लावायची. एकदा नव्या रस्त्यात जमीन जाणाऱ्यांना भरपूर मोबदला मिळणार असा मेसेज फिरत होता. चांद्यातल्या तिच्या सासरच्यांची जमीन त्या पट्ट्यात, तिनं तो मोठ्या उत्साहानं चार ग्रुपवर ढकलला. मेसेज खोटा निघाला. पुढच्या शनिवारी तो फलकावर, वर तिचं नाव, आणि दुसऱ्या रकान्यात तिच्याच अक्षरात, 'खरं असावं असं बाईंना वाटत होतं.' पोरांना हसू आवरेना. ती म्हणाली, "हसा. पण तुमचा नंबर लागंल तवाबी असंच हसा."

माझा नंबर त्याआधीच लागून गेला होता.

पाच-सहा वर्षांपूर्वी त्याच शाळेत पोषण आहाराची खिचडी खाल्ल्यावर काही मुलांना उलट्या झाल्या. मला एका कार्यकर्त्याचा फोन आला, मी तासाभरात बातमी ठोकून दिली. 'स्वयंपाकी महिलेच्या हलगर्जीपणामुळे विद्यार्थ्यांना विषबाधा. पालकांमध्ये संतापाची लाट.' स्वयंपाकी महिला म्हणजे नांद्याच्या इंदुबाई. नाव छापलं नव्हतं, पण शाळेत खिचडी शिजवणारी बाई एकच, गावाला कळायचं ते कळलं. महिनाभरात त्यांचं काम गेलं. बातमी आली त्या संध्याकाळी आक्का माझ्याकडं आली, पायातल्या चपलाही न काढता दारात उभी राहिली.

"संतापाची लाट कुटं आली व्हती रे? मी दिवसभर गेटातच उभी व्हते, मला न्हाई दिसली."

मी हसलो. ती हसली नाही.

"इंदुबाईला इचारलंस का?"

"तिला काय इचारायचं? ती न्हाईच म्हणणार."

"मग ती न्हाई म्हणाली, एवढं तरी लिहायचंस."

दोन दिवसांनी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी मला सांगितलं, की आजारी पडलेली सगळी मुलं आदल्या संध्याकाळी एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या मांडवात बासुंदी खाऊन आली होती. पुढं खिचडीच्या नमुन्यातही काही सापडलं नाही. हे मी छापलं नाही. का, तर माझी बातमी ज्या पानावर आली होती त्याच पानावर खाली शुभेच्छांबद्दल आभार मानणारी त्या पुढाऱ्याची अर्ध्या पानाची जाहिरात होती, आणि ती मीच आणली होती. इतकं साधं कारण. आक्का मागं लागली, "खुलासा दे." मी म्हणालो देतो. महिन्यानं पुन्हा विचारलं तेव्हा मी म्हणालो, "पाठवला होता, आक्का. डेस्कनं कापला. जुनी बातमी, आता कोण छापतंय." ती म्हणाली, "बरं." बस, एवढंच. त्यानंतर तिनं तो विषय माझ्यापाशी कधी काढला नाही. मी सुटलो असं मला वाटलं. खुलासा मी कधी लिहिलाच नव्हता.

मागच्या आठवड्यात शाळेतून फोन आला. बाईंचं कपाट मोकळं करायचंय, दाजींना बघवत नाही, तुम्ही या. कपाटात विशेष काही नव्हतं. पेपरांचे गठ्ठे, टाचण्यांच्या डब्या, एक स्वेटर, बामची बाटली. ते सगळं मी गोणीत भरलं. हात चालत होते. जाताना व्हरांड्यात फलकापाशी थांबलो. वरची कात्रणं दर शनिवारी बदलत, पण खालच्या कोपऱ्यात एक पिवळं पडलेलं कात्रण तसंच होतं. 'विद्यार्थ्यांना विषबाधा.' तिसऱ्या रकान्यात, 'इंदुबाई.' आणि त्याच्या शेजारी चार टाचण्यांनी टाचलेला एक कोरा कागद, वर फक्त 'खुलासा' असं लिहिलेलं. इतकी वर्षं मी शाळेत येत-जात होतो, पत्रकार म्हणून सत्कारही घेऊन गेलो होतो, पण त्या कोपऱ्याकडं बघायचं टाळायचो. त्या दिवशी बघितलं. कागद काढून घ्यावा म्हणून टाचण्या उपसल्या, तर मागच्या बाजूला पेन्सिलीनं तिच्या अक्षरात तीन ओळी होत्या.

'बातमीदाराचं म्हणणं : खुलासा पाठवला होता, कार्यालयात कापला.
हे मी तपासलेलं नाही.
बातमीदार माझा भाऊ आहे.'

एक फोन केला असता तर तिला कळलं असतं. डेस्कवर तिचाच एक माजी विद्यार्थी होता. तीस वर्षं नववीच्या पोरांना 'आपल्या बाजूची बातमी आधी तपासायची' म्हणून दटावणारी बाई एका ठिकाणी थांबली, आणि आपण थांबलो हेही तिनं लिहून ठेवलं. तिला आधीच माहीत होतं, का माहीत करून घ्यायचंच नव्हतं, ते मला सांगता येत नाही. मी व्हरांड्यात उभा होतो. आतल्या वर्गात पाढे चालले होते.

तिथनंच नांद्याला गेलो. इंदुबाई आता नव्या सोसायटीत दोन घरी चपात्या लाटायला जातात. ओट्यावर बसल्या होत्या. मी म्हणालो, "त्या वेळचं तुमचं म्हणणं घ्यायला आलोय." त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"आता इचारतोय व्हय?"

"व्हय."

"म्या बी तीच खिचडी खाल्ली व्हती. माज्या नातीनं बी. आमाला कायबी झालं न्हाई. त्या दिशी कुनी इचारलं असतं तर एवडंच सांगितलं असतं." मग म्हणाल्या, "बाई दर दिवाळीला फराळ घिऊन यायच्या. म्हनायच्या, येईल त्यो इचारायला. म्या म्हनायचे, कशाला येतोय."

मी लिहून घेतलं. चहा केला त्यांनी, तोही प्यालो. लाज वाटली, एवढं मात्र नक्की. पाच आठवड्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं.

म्हणून संपादकांची परवानगी घेऊन आमच्या पेपरात, इथंच लिहितो. काही वर्षांपूर्वी मी दिलेल्या बातमीत शाळेतल्या मुलांना खिचडीतून विषबाधा झाल्याचं आणि त्यात स्वयंपाकी महिलेचा हलगर्जीपणा असल्याचं म्हटलं होतं. ते मी तपासलं नव्हतं. खिचडीत काहीही सापडलं नव्हतं, मुलांनी आदल्या दिवशी दुसरीकडं खाल्लं होतं, आणि हे कळूनही मी ते दडवलं. इंदुबाईंनी स्वतः ती खिचडी खाल्ली होती. त्यांना मी विचारलं नव्हतं. खुलासा कार्यालयात कापला, हे मी आक्काला सांगितलं ते खोटं होतं. कार्यालयाकडं तो कधी गेलाच नाही.

बातमीचा तास आता दुसऱ्या एक तरुण बाई घेतात. येत्या शनिवारी हे पान कापून मी त्यांच्याकडं देणार आहे, त्या चार टाचण्या माझ्या खिशातच आहेत. कोऱ्या कागदाच्या जागी हे लागेल आणि पोरं तीन रकाने भरायला बसतील. दुसऱ्यात काय लिहायचं ते त्यांचं त्यांनी ठरवावं, माझी काही तक्रार असणार नाही. तिसऱ्यापाशी मात्र नव्या बाईंनी त्यांना अर्धा तास उभं करू नये. इंदुबाईंना विचारून झालंय. आक्काला विचारायचं राहिलं.