गार राहिलेली मागची चाकं

ओमानमधल्या जबल अखदर डोंगराचा उतार जिथे संपतो, तिथेच खल्फानचं गॅरेज. चाळीस वर्षं त्याची एकच रीत: ब्रेकची तक्रार आली की आधी पाना हातात घ्यायचा नाही. गाडी डोंगरावर न्यायची, उतरवायची आणि प्रत्येक चाकाजवळ तळहात धरायचा. कुठल्या चाकानं काम केलं आणि कुठल्यानं अंग चोरलं, ते हाताला कळतं.

त्या सकाळी बद्र बापाची जुनी फोर-व्हील ड्राइव्ह पिकअप घेऊन आला. बाप सुलैयम, खल्फानचा लहानपणापासूनचा दोस्त, शेजारी बसलेला. आठवड्यापूर्वी डाळिंबांच्या पेट्या घेऊन उतरताना त्याचे ब्रेक लागेचनात. गाडी कडेच्या मातीच्या चढावर घातली म्हणून वाचला. तेव्हापासून किल्ली बद्रच्या खिशात. म्हाताऱ्याच्या पायात आता दम नाही, असं त्यानं गावभर करून टाकलं होतं. सुलैयमची बाग वर आणि बाजार खाली. किल्ली गेली म्हणजे त्याला घरात बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"काका, ब्रेक ठीक आहेत एवढंच सांगा," बद्र म्हणाला. "म्हणजे दोष गाडीचाच, हा यांचा हट्ट सुटेल."

बापलेकांपुढे कहवा ठेवून खल्फान मागे भरलेल्या डाळिंबांच्या पेट्यांसकट गाडी थोडी वर घेऊन गेला आणि लहान गिअरमध्ये जपून उतरला. पुढची चाकं इतकी तापलेली की जवळ हात धरवेना. मागची मात्र जवळजवळ गार.

मागची चाकं उघडली तर सगळं धडधाकट. मग तो गाडीखाली शिरला. मागच्या आसापासून वर एक दांडी जाते. माल भरला की गाडीची पाठ बसते, दांडी सरकते आणि मागच्या ब्रेकला जोर मिळतो. पण ही पाठ बसतच नव्हती. मागच्या वर्षी जास्त माल पेलावा म्हणून स्प्रिंगच्या कमानीत एक जादा पाटा चढवलेला होता, आणि तो चढवणारा खुद्द खल्फान होता. दांडी नव्यानं जुळवायची राहून गेली होती. यंदा डाळिंबं भरपूर आली, आणि ती चूक सुलैयमच्या जिवावर बेतली.

तो तसाच पडून राहिला. गुपचूप दांडी जुळवली असती तर कोणाला कळणार होतं? पण बाहेर सुलैयमच्या चपला दिसत होत्या, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"बद्र," बाहेर येत तो म्हणाला, "बापाचा पाय ठणठणीत आहे. चूक माझी. वर्षभर या गाडीच्या ब्रेकचा सगळा भार पुढच्या दोनच चाकांवर होता; लांब उतारावर ती तापली की ब्रेक लागेनासे होतात."

बद्रनं मान खाली घालून गाडीची किल्ली काढली आणि बापापुढे धरली. सुलैयमनं कहवा पुरे म्हणून कप हलवला, उठला आणि खल्फानला म्हणाला, "दांडी जुळव. मग गाडी मी चालवणार आणि उतरताना तू शेजारी बसायचंस."

दांडी जुळवून झाल्यावर दोघं पेट्यांसकट वर गेले आणि सुलैयमनं गाडी उतरवली. खाली येताच खल्फाननं मागच्या चाकाजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला. चांगलाच चटका बसला होता. इतकं हायसं त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"आता माझा पायही तपासून घे," सुलैयम म्हणाला, पण बघत होता बद्रकडे. मग किल्ली त्यानं आपल्या खिशात टाकली.