राउंड फिगरचा घोळ: चिंचवड, मळवली, लोणावळा आणि परत

चिंचवडहून लोणावळा पन्नासेक किलोमीटर. लोक सकाळी जाऊन दुपारी भजी खाऊन परत येतात. आम्ही त्याला दोन दिवस, तीन पावत्या आणि एक भांडण लावलं.

झालं असं. माझी बायको प्रज्ञा औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये आहे. तिची बदली वराळ्याच्या नव्या प्लँटला झाली, सोमवारपासून सकाळी सातची शिफ्ट. तळेगावपर्यंत लोकल आहे, पण तिथून पुढे इतक्या सकाळी रिक्षा मिळाली तर मिळाली. "तेव्हा आता गाडी मी नेणार," असं तिनं जेवताना सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. माझं ऑफिस शिवाजीनगरला, मेट्रो स्टेशनपासून चालत चार मिनिटं. मला गाडी हवीच कशाला, हा तिचा मुद्दा अगदी रास्त होता आणि म्हणूनच मला राग आला.

"तुझ्या हातात गाडी ॲव्हरेज देत नाही," मी म्हणालो.

हे वाक्य मी गेली सहा वर्षं वापरतोय. पुरावा माझ्या डॅशबोर्डवर असतो. एका लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर गेली, हे दाखवणारा तो हिरवा आकडा मी देवासारखा मानतो. चांगला आकडा आला की फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो. लोक अंगठे देतात.

"स्क्रीन कोणी बसवली? गाडी विकणाऱ्यांनीच ना?" प्रज्ञा म्हणाली. "मग ती गोडच बोलणार. मोजायचं असेल तर टाकी फुल ते टाकी फुल मोजू."

म्हणजे टाकी भरायची, गाडी चालवायची, परत भरायची आणि किलोमीटरला लागलेल्या लिटरनं भागायचं. जाताना मी चालवणार, येताना ती. वाटेत एक चढ मला, एक तिला. ज्याचा आकडा मोठा, सोमवारपासून गाडी त्याची. मी लगेच हात पुढे केला. हरण्याची शक्यता माझ्या डोक्यात आलीच नव्हती.

शनिवारी सकाळी सातला घराजवळच्या पंपावर गेलो. प्रज्ञा समोरच्या दुकानात पाण्याच्या बाटल्या घ्यायला गेली. नोझल 'खट्' करून बंद पडलं तेव्हा मीटरवर दोन हजार तीनशे चाळीस होते.

"सर, राउंड फिगर करू?" पंपावरच्या ताईंनी विचारलं.

"करा," मी म्हणालो. हे कोण नाही म्हणतं? त्यांनी हळूहळू दोन हजार चारशे केले. मी ट्रिप मीटर शून्यावर आणला, स्क्रीनही शून्यावर आणली आणि आम्ही निघालो.

जाणाऱ्यांसाठी सांगतो: जुना हायवेच घ्या आणि आठच्या आत सोमाटणे ओलांडा. नंतर टोलची रांग आणि आपला संयम, दोन्ही वाढत नाहीत, एकच वाढतं. आम्ही आधी आत वळून वराळ्याला गेलो. नव्या इमारती, त्यांच्यामध्ये अडकलेलं एखादं भाताचं खाचर आणि पुढे तिच्या प्लँटचं निळं गेट. प्रज्ञा खाली उतरून गेटपर्यंत चालत गेली आणि उगाचच दोन मिनिटं उभी राहिली. परत येऊन बसली तेव्हा म्हणाली, "पार्किंगला झाड आहे." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

कामशेतला मिसळ खाल्ली. तर्री वेगळी मागा, नाहीतर उरलेला प्रवास पाणी पिण्यात जातो. मग कार्ल्याच्या फाट्यावरून आत, मळवलीचं रेल्वे फाटक ओलांडून भाजे. फाटक बंदच होतं. ते मला नेहमी बंदच मिळतं. वीस मिनिटं मी इंजिन चालूच ठेवलं, कारण एसी हवा होता.

"बंद कर की," प्रज्ञा म्हणाली.

"एवढ्यानं काही होत नाही."

भाज्याची लेणी न चुकता बघा. तिकीट नाममात्र आहे, पायऱ्या मात्र नाममात्र नाहीत. वरून खाली भातकापणी चाललेली दिसत होती, आणि त्या थंडगार दगडात बसल्यावर माझ्यासारखा माणूससुद्धा दहा मिनिटं ॲव्हरेज विसरला. मग लोहगडच्या पायथ्यापर्यंत गाडी नेली. चढ असा, की पहिल्या गिअरशिवाय इलाज नाही. स्क्रीनवरचा आकडा सहावर आला. उतरताना मात्र ऐटीत नव्व्याण्णव पॉइंट नऊ! मी चालत्या गाडीत फोटोसाठी मोबाइल काढला, तो प्रज्ञानं काढून घेतला.

मुक्काम मळवलीत, शेताकडेच्या एका बंगल्यावर. दोघांचं राहणं आणि रात्रीचं जेवण धरून अठ्ठावीसशे. पिठलं, तांदळाची भाकरी, ठेचा, आणि नवीन इंद्रायणीचा भात. बंगला सांभाळणारे काशिनाथ आबा सत्तरीचे. पूर्वी पंचवीस वर्षं त्यांनी मळवली ते पुणे दुधाचा टेम्पो चालवला. सकाळी प्रज्ञा आंघोळीला गेली असताना ते चहा घेऊन आले आणि गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "ॲव्हरेज काय देती?"

माझा आवडता विषय. मी स्क्रीनचं सगळं पुराण सांगितलं.

"आवो, ती स्क्रीन पाव्हण्यावानी. तोंडावर ग्वाडच बोलनार," आबा म्हणाले. "आमी कट टू कट मोजायचो. नोझल पयल्यांदा खट झालं की बास, वर थेंब न्हाई. त्या राउंड फिगरच्या नादी लागलं की समदा चिवडा."

"हो ना," मी म्हणालो. खरं तर मी चहाच्या कपाचा आणि धुक्याचा फोटो काढत होतो.

एवढ्यात प्रज्ञा बाहेर आली. आबांनी तिलाच सांगितलं, "ताई, माघारी जाताना तुमीच चालवा. सायब लय घाईचं. काल वर चढताना गेर कसा वरडत व्हता, हितं ऐकू आलं."

"तुम्हाला हितं ऐकू आलं?" मी विचारलं.

"व्हय. म्हशींनी बी मान वर केली."

प्रज्ञा लोणावळ्यापर्यंत हसत होती.

लोणावळ्यात पंपावर पोचलो तेव्हा माझे चौऱ्याऐंशी किलोमीटर झाले होते आणि स्क्रीन म्हणत होती अठरा पॉइंट तीन. यावेळी नोझलशेजारी प्रज्ञा उभी राहिली. 'खट्' झाल्याबरोबर म्हणाली, "बस." चार पॉइंट चार लिटर, चारशे सत्तावन्न रुपये. भागाकार केला, एकोणीस पॉइंट एक. स्क्रीन मला चक्क कमी लेखत होती! मी तिला माफ केलं, ट्रिप मीटरसकट परत शून्यावर आणलं आणि चाव्या प्रज्ञाला दिल्या.

डाव्या सीटवर बसून टायगर पॉइंटला जाणं हा वेगळाच प्रवास असतो. मला पहिल्यांदाच दरी दिसली. एरवी मी पुढच्या गाडीचा मागचा दिवा बघत असतो. प्रज्ञा सावकाश, एका लयीत चालवत होती. मागून हॉर्न वाजले की बाजूला होऊन जाऊ द्यायची. माझा उजवा पाय नसलेला ॲक्सिलरेटर दाबत होता. वर मक्याची कणसं खाल्ली, चाळीसला एक. खाली येऊन बाजारातून शेंगदाण्याची आणि काजूची चिक्की घेतली आणि अकराला परतीला लागलो. रविवारी दुपारनंतर लोणावळ्यातून निघू नका, एवढं माझं ऐका.

चिंचवडला त्याच पंपावर आलो. बहात्तर किलोमीटर, स्क्रीन तेवीस पॉइंट सहा. तेवढ्यात प्रज्ञाला शिफ्टबद्दल सुपरवायझरचा फोन आला, म्हणून मी उतरून मीटरकडे गेलो. पैसे दिले, पावती आणली. तीन पॉइंट पंच्याऐंशी लिटर. भागाकार: अठरा पॉइंट सात.

मी जिंकलो होतो!

"स्क्रीन गोड बोलते, तूच म्हणाली होतीस," मी म्हणालो. आयुष्यभर पूजलेल्या स्क्रीनवरची माझी श्रद्धा अर्ध्या मिनिटात उडाली होती.

"ठरलं ते ठरलं," प्रज्ञा म्हणाली. घरी येऊन तिनं मोबाइलवर लोकलचं वेळापत्रक काढलं. मी चिक्कीचं पाकीट फोडलं.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "एक कळत नाही. लॅबमधला काटा जास्त दाखवत असला तर सगळ्यांनाच जास्त दाखवतो. ही स्क्रीन तुला कमी आणि मला जास्त कशी दाखवेल?"

"गाडी तुला घाबरते." ती हसली नाही, कपड्यांच्या घड्या घालायला गेली.

मी खिसा रिकामा केला. तीन पावत्या निघाल्या. दोन हजार चारशे. चारशे सत्तावन्न. चारशे. त्यातल्या दोन कशा छान, गोल. चिंचवडच्या. परत आल्यावरही ताईंनी विचारलं होतं, "सर, राउंड फिगर?" मीटर तीनशे त्रेचाळीसवर थांबला होता, आणि मी म्हणालो होतो, "करा."

चिक्की दातातच राहिली. आबांचा चिवडा तो हाच. निघताना माझ्या टाकीत कटच्या वर अर्ध्या लिटरहून जास्त पेट्रोल होतं, ते मी फुकटात जाळलं. आणि परतल्यावर प्रज्ञानं न जाळलेलं अर्धा लिटर मी तिच्या नावावर टाकलं. खरा भागाकार करून पाहिला. मी, सतरासुद्धा नाही. ती, जवळजवळ बावीस. स्क्रीन आम्हा दोघांशीही सारख्याच मापानं गोड बोलली होती.

पावत्या एवढ्याशा असतात. कचऱ्याचा डबा दोन पावलांवर होता. खोटं कशाला सांगू, मी तिकडे बघितलं. तेवढ्यात आतून प्रज्ञा म्हणाली, "मी पावणेपाचचा गजर लावतेय, तुझी झोपमोड होईल, सॉरी हं."

मी आत गेलो आणि तिन्ही पावत्या घड्या घातलेल्या कपड्यांवर ठेवल्या. सगळं सांगितलं. तिनं स्वतः भागाकार केला, दोनदा.

"दोन्ही वेळा?"

"सवयीनं."

ती रागावेल असं वाटलं होतं. ती पलंगावर बसली आणि म्हणाली, "सहा वर्षं मला वाटत होतं, माझाच पाय जड आहे."

लाज वाटली, खूप. चावी तिच्या पर्समध्ये मीच ठेवली.

या सहलीतून घरी काय आलं म्हणाल तर अर्धा किलो चिक्की, आबांचा नंबर आणि पंपावर 'पहिल्या कटला बस' म्हणायची नवी सवय. सोमवारी मी मेट्रोत उभा होतो. सातला पाच कमी असताना प्रज्ञाचा फोन आला, पोचले, झाडाखाली लावलीय.

मला राहवलं नाही. "ॲव्हरेज किती आलं?"

"बघितलंच नाही," ती म्हणाली. "रस्ता बघत होते."