कडी लावून आंघोळ

तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले तेव्हा आधी सगळेच घाबरले, मग सरावले. मी मात्र सरावले नाही. एका सकाळी शाळेची घाई होती, तोंडाला साबण लावलेला, आणि बाथरूम हललं. चौकट जराशी सरकली नि कडी अडकली. बाहेर मांडणीवरची भांडी धडाधड पडत होती आणि मी आत, डोळे मिटून दारावर बुक्क्या मारतेय. नवऱ्याने खांद्याने दार उघडेपर्यंत दोन-तीन मिनिटंच गेली असतील.

त्यानंतर वर्षभर मी कडी लावली नाही. मी आंघोळीला गेले की सासूबाई दाराबाहेर पाटावर बसून भाजी निवडायच्या आणि मध्येमध्ये "मी आहे गं," म्हणायच्या. हायवेवर ट्रक धडधडला तरी वर्गात माझ्या हातातला खडू पडायचा.

शेवटी डहाणूला एका मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "आठवण पुसता येत नाही. पण ती बाहेर काढली की थोडा वेळ मळलेल्या कणकेसारखी मऊ होत असावी, असं संशोधक सांगतात. तेवढ्या वेळात तिच्यात दुसरं काही मिसळता येतंय का बघू."

दर शनिवारी मी ती सकाळ सांगायची. साबणाचा वास, भांड्यांचा आवाज, सगळं. मग थोडं थांबून दवाखान्यातल्याच एका छोट्या खोलीत जायचं आणि आतून कडी लावायची. पहिल्या दिवशी तळहात इतके घामेजले की कडी हातातून निसटली. चौथ्या शनिवारी सांगता सांगता मी मध्येच थांबले.

"डॉक्टर, दार उघडलं तेव्हा ह्यांच्या डोक्यावर पातेलं होतं!"

वर्षभर ते पातेलं मला आठवलंच नव्हतं. आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. घरी आल्यावर नवऱ्याला विचारलं, तर तो गंभीरपणे म्हणाला, "मग? डोकं फुटू द्यायचं होतं?"

हळूहळू घरीही कडी लागू लागली. सासूबाई जरा हिरमुसल्याच. "आता मी भाजी कुठे निवडू?" म्हणाल्या.

परवा वर्गात धक्का बसला. छातीत धडधडलं, ते धडधडणारच. पण मुलांना रांगेने मैदानात नेलं, सगळी मोजली, आणि सातचा पाढा जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू केला.

"बाई, आज इथेच शाळा भरवू या ना," एक मुलगी म्हणाली.

भरवली.