टायर आधी, गाडी नंतर

लेफ्टनंट म्हणून माझी पहिली पोस्टिंग पूर्व लडाखमध्ये झाली. आर्मी सर्व्हिस कोअर, ट्रान्सपोर्ट प्लाटून. खालच्या डेपोतून रेशन, केरोसीन आणि टपाल वरच्या पोस्टपर्यंत पोचवायचं आणि रिकाम्या गाड्या सुखरूप परत आणायच्या, एवढंच काम. हिवाळ्यात परतीचा प्रवास जास्त अवघड असायचा. चढताना गाडी अडकते, उतरताना थांबत नाही.

सकाळी ड्रायव्हर इंजिनं गरम करायचे आणि मी गाड्यांच्या रांगेतून टायर बघत जायचे. माझ्याबरोबर एमटी, म्हणजे मोटार ट्रान्सपोर्टचे, हवालदार जालिंदर मोहिते असायचे. ते साताऱ्याकडचे, माझ्याहून वयाने बरेच मोठे, कमी बोलणारे. मी नागपूरची. प्लाटूनमध्ये सगळं हिंदीत चालायचं, आम्ही दोघं मात्र मराठीत बोलायचो. एखाद्या टायरच्या खाचा झिजलेल्या दिसल्या की ते नुसतं बोट ठेवायचे आणि ती गाडी त्या दिवशी वर जायची नाही.

सर्व्हिस संपवून मी मेजर म्हणून बाहेर पडले. आता सिंगापूरला यिशुनमध्ये राहते. नवरा सुगत तुआसला इंजिनिअर आहे, मी चांगी बिझनेस पार्कमध्ये ऑफिसला जाते. इथे आमच्याकडे गाडी नाही, एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, पुरते. टायर या विषयावर घरात कधी बोलणं निघण्याचं कारणच नव्हतं. ते निघालं गेल्या नोव्हेंबरात.

डिसेंबरच्या शाळेच्या सुट्टीत आम्ही जपानच्या डोंगराळ भागात जायचं ठरवलं होतं. सोबत आमचा इथला मित्र निखिल आणि त्याची बायको अश्विनी. निखिल इथल्या युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक करतो. एका रविवारी दोघं जेवायला आले. जेवणानंतर सुगतने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"ही बघ. सेव्हन सीटर एसयूव्ही, ऑल-व्हील ड्राइव्ह. सगळे एकाच गाडीत, सामानासकट."

"टायर कुठले?"

"ऑल-सीझन. या मोठ्या गाडीला आपल्या तारखांना विंटर टायर उपलब्ध नाहीत. पण ऑल-व्हील आहे ना."

निखिल म्हणाला, "ताई, छोट्या एसयूव्हीला विंटर टायर मिळतायत. पण मग दोन गाड्या लागतील, आणि दुसरी मला चालवावी लागेल. मी बर्फात कधीच चालवलेली नाही."

आमची मुलगी माही सोफ्यावरून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बिग कार बेटर लाह, मम्मा. फोर व्हील्स, कॅन स्टॉप फास्टर."

"नाही," मी म्हणाले. "चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी जागची हलते. थांबवण्याचं काम टायरचं. थंडीत साध्या टायरचं रबर कडक होतं, मग ते रस्ता धरत नाही. विंटर टायरचं मऊ राहतं."

"तू हे इतक्या खात्रीने कसं सांगतेस?" सुगतने विचारलं. आमच्या लग्नाला पंधरा वर्षं झाली आहेत. त्या पोस्टवरचं मी त्याला फारसं काही सांगितलं नव्हतं. त्या दुपारी सांगितलं.

मी सामानाच्या गाड्या घेऊन वरच्या पोस्टवर गेले होते. रात्रभर बर्फ पडलं आणि आम्हाला तिथेच थांबावं लागलं. सकाळी रेजिमेंटल मेडिकल ऑफिसर कॅप्टन मेनन माझ्याकडे आले. शिपाई प्रकाश रायच्या फुप्फुसांत पाणी होत होतं. उंचीवर हा आजार वेळ देत नाही, माणसाला खाली न्यावंच लागतं. ढगांमुळे हेलिकॉप्टर येणार नव्हतं. माझे ट्रक त्या ताज्या बर्फात आणि अरुंद वळणांवर फार हळू गेले असते.

पोस्टवर दोन लहान गाड्या होत्या. एक नवी, मोठी एसयूव्ही. इंजिन दमदार, हीटर उत्तम. पण टायर साधे रस्त्यावरचे, आणि बर्फात चाकांना बांधायच्या त्या मापाच्या चेन अजून वर पोचल्या नव्हत्या. दुसरी जुनी जिप्सी. कापडी टप, हीटर असून नसल्यासारखा. तिला स्नो टायर होते आणि चारही चाकांना चेन होत्या.

"नवी गाडी घ्या," मेनन म्हणाले. "पेशंटला ऊब पाहिजे."

"डॉक, सगळा रस्ता उताराचा आहे. ती थांबणार नाही."

"आणि थंडीने तो वाटेत गेला तर?"

ते चूक बोलत नव्हते. मी विचारलं, "त्याला आडवं ठेवायचंय का?"

"नाही. बसवूनच न्यायचंय."

"मग जिप्सीत मावेल. ऊब आपण आत भरू."

मी मोहित्यांकडे पाहिलं. "तुमचं काय मत?"

"जिप्सीच, मॅडम. मी चेन परत आवळून घेतो."

रायला स्लीपिंग बॅगमध्ये बसवलं. गरम पाण्याच्या बाटल्या आत ठेवल्या, वर ब्लँकेटं गुंडाळली. मेनन ऑक्सिजनचा सिलिंडर धरून त्याच्या शेजारी बसले. मी पुढे, रेडिओ सेट मांडीवर.

"कंट्रोल, जिप्सी मूव्हिंग डाऊन. वन पेशंट. ओव्हर."

"रॉजर. रोड ओपन, वन वे. गो स्लो. आउट."

मोहित्यांनी गाडी लो गिअरमध्ये टाकली आणि ब्रेकवरचा पाय काढून बाजूला ठेवला. इंजिनच गाडी रोखून धरत होतं. उजवीकडे डोंगर, डावीकडे दरी. मागून रायचा श्वास ऐकू येत होता, पाण्यातून बुडबुडे यावेत तसा. मेनन दर थोड्या वेळाने त्याचं नाव घेऊन हाक मारायचे आणि तो हूं म्हणायचा.

एका वळणावर तो हूं म्हणाला नाही. मी मागे वळले. त्याच क्षणी मोहिते म्हणाले, "मॅडम, धरा."

वळणापलीकडे पाण्याचा टँकर बंद पडून आडवा उभा होता. मोहित्यांनी ब्रेक दाबला नाही. आणखी खालचा गिअर टाकला आणि डोंगराकडच्या भुसभुशीत बर्फात उजवी चाकं घातली. चेनचा खडखडाट झाला. मागची बाजू दरीकडे जरा सरकली, मग चाकांनी जमीन धरली. जिप्सी टँकरपासून हातभर अंतरावर थांबली. नवी गाडी असती तर थांबली नसती. हे मला तेव्हाही माहीत होतं आणि मागे बसलेल्या मेनन यांनासुद्धा.

मागून मेनन म्हणाले, "ही इज ब्रीदिंग. सिलिंडरची नळी निसटली होती. लावली."

टँकरच्या माणसांनी चाकांखाली दगड लावले होते. सगळ्यांनी मिळून फावड्याने डोंगराच्या अंगाला वाट केली. मी खाली उतरून चालत पुढे झाले आणि हाताने खुणा करत राहिले. मोहित्यांनी गाडी तेवढ्या फटीतून काढली.

खाली येऊ लागलो तसा रायच्या ओठांचा निळेपणा कमी झाला. फील्ड हॉस्पिटलच्या दारात त्याने स्वतःहून पाणी मागितलं. संध्याकाळी मेनन बाहेर आले, माझ्याजवळ बाकावर बसले आणि म्हणाले, "वाचला." मोहिते तीन मग चहा घेऊन आले. चहा संपवून ते लगेच उठले. ते म्हणाले, "चेन बघून येतो, मॅडम. त्या वळणावर एखादी सैल झाली असेल."

एवढं सांगून मी थांबले. सुगतने लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि विंटर टायरवाल्या दोन छोट्या एसयूव्ही बुक केल्या. निखिलचा चेहरा पडला होता. मी त्याला म्हटलं, "डोंगर चढायच्या आधी आपण सराव करू."

तसा केला. जपानमध्ये पायथ्याशी एका रिकाम्या पार्किंगमध्ये त्याला बर्फावर हळू चालवायला लावलं, थांबायला लावलं, परत परत. पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचं ते त्याला तिथेच उमगलं. तिसऱ्या दिवशी घाट उतरताना एका वळणाआड बस उभी होती. मी थांबले आणि आरशात पाहिलं. निखिलची गाडी मागे, भरपूर जागा सोडून, सरळ रेषेत थांबलेली. अश्विनीने खिडकीतून हात काढून अंगठा दाखवला. बाकीची सहल मजेत गेली. चांगी विमानतळावर उतरून बाहेरच्या दमट हवेत आलो तेव्हा निखिल म्हणाला, "ताई, पुढच्या वेळी अख्खा घाट मीच चालवणार."

घरी बॅगा उघडताना माहीने विचारलं, "मम्मा, दॅट मोहिते अंकल, आता कुठे असतात ते?"

ते मी त्या दुपारी सांगितलं नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात हवालदार मोहिते त्याच रस्त्यावर कॉन्व्हॉयच्या पहिल्या गाडीत होते. समोरच्या उतारावरचं बर्फ त्यांना ठीक वाटलं नाही. त्यांनी सगळ्या गाड्या मागेच थांबवल्या, एकालाही पुढे येऊ दिलं नाही, आणि रस्ता बघायला स्वतः चालत गेले. तेवढ्यात डोंगरावरून बर्फाचा कडा सुटला. मागे थांबवलेल्या गाड्यांतली सगळी माणसं त्या संध्याकाळी युनिटमध्ये परतली. मोहिते दुसऱ्या दिवशी बर्फाखाली सापडले.

माहीने हातातला स्वेटर खाली ठेवला. मग तिने मराठीत विचारलं, "त्यांचं पूर्ण नाव काय होतं?"

"जालिंदर मोहिते."

तिने ते एकदा हळूच म्हणून पाहिलं. 'ळ'च्या जागी 'ल' येतो तिचा नेहमी. पण या नावात तिला अडण्यासारखं काही नव्हतं.