अर्धा पासवर्ड अध्यक्षांचा

श्यामसुंदर परबांनी दोन हजार चार साली एकच चूक केली. घाटकोपरच्या भटवाडीत कोंडसरवाडी ग्रामस्थ मंडळाची जी दहा बाय बाराची खोली आहे, तिथल्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद त्यांनी ओढून काढला. झालं. त्या दिवसापासून मंडळाच्या दृष्टीने परब हे कॉम्प्युटरमधले तज्ज्ञ ठरले. प्रत्यक्षात ते भांडुपच्या एका औषधांच्या गोदामात डिस्पॅचला होते. अठ्ठावीस वर्षं त्यांनी खोके मोजले होते. पण कागद ओढला तो ओढला.

मंडळाचं वर्षातलं मोठं काम म्हणजे गणपतीला गावी जाणाऱ्या बस. यंदा नऊ बस, तीनशे शहाण्णव माणसं, आणि प्रत्येकाला दुसऱ्याची सीट हवी. ही सगळी यादी परबांच्या मुलीने, दिशाने, तीन वर्षांपूर्वी एका डेटाबेसमध्ये बसवून दिली होती. डेटाबेस मंडळाच्या खोलीतल्या जुन्या मशीनमध्ये. परबांनी आपल्या लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर उघडायचं, ते त्या मशीनशी जोडलं जायचं, की नावं समोर हजर. परबांना यातलं एवढंच ठाऊक होतं की चित्रावर दोनदा टिचकी मारायची.

गुरुवारी कमिटीच्या मीटिंगमध्ये त्या लॅपटॉपवर चहा सांडला. कोणी सांडला याचं उत्तर आजतागायत मिळालेलं नाही. बस निघणार रविवारी पहाटे सहाला. म्हणून शनिवारी दुपारी दोन वाजता परब पुतण्याचा लॅपटॉप मागून आणून मंडळाच्या खोलीत घामाघूम होऊन बसले होते, कानाला फोन, फोनवर बंगळुरूहून दिशा. संध्याकाळी सातपर्यंत याद्या छापून नऊ ड्रायव्हरांच्या हाती पडल्या नाहीत, तर पहाटे रस्त्यावर काय होईल हे परबांना दिसत होतं. त्यात मालनआत्येंचा चेहरा सगळ्यात ठळक दिसत होता. मालनआत्ये एक्क्याऐंशीच्या. खुबा मोडल्यामुळे तीन वर्षं गावचा गणपती नाही. यंदा त्या सून इरावतीला घेऊन निघाल्या होत्या आणि परबांनी त्यांना शब्द दिला होता, "आत्ये, तुका फुडची सीट."

"पप्पा, काय म्हणतंय ते?"

"म्हणतंय ड्रायव्हर नाही."

"ड्रायव्हर डाउनलोड करा."

"अगं, ड्रायव्हर नऊ आहेत! सगळ्यांशी कालच बोललोय मी."

"बसचे नाही, पप्पा. सॉफ्टवेअरचा. खाली निळं बटण असेल, ते दाबा."

फोनच्या नेटवर ड्रायव्हर उतरायला चाळीस मिनिटं लागली. मग सॉफ्टवेअर म्हणालं, मशीन सापडत नाही. मशीन तर परबांच्या गुडघ्याला टेकून घुरघुरत होतं. त्यांनी त्याच्यावर एक चापट मारली.

"अगो, हे बघ, इथेच आहे! माझ्या मांडीशी बसलंय आणि हा म्हणतो सापडत नाही!"

"तुम्ही मध्ये राउटर बदललात का?"

बदलला होता. जुन्यावर गोकुळाष्टमीच्या हंडीतलं दही पडलं होतं. दिशाने समजावलं की नवीन राउटरने मशीनला नवीन पत्ता दिला आहे आणि सॉफ्टवेअर अजून जुन्या पत्त्यावर जाऊन दार ठोठावतंय.

"मग नव्या बिऱ्हाडाचा पत्ता कोणाला सांगून जायची पद्धत नाही का यांच्यात?" परब ओरडले. तरी त्यांनी राउटरच्या पानावरून नवा पत्ता शोधला, त्याच्या दाराचा, म्हणजे पोर्टचा, आकडा घातला, तो एकदा चुकला, परत घातला. साडेचार वाजले. आणि सॉफ्टवेअरने पासवर्ड मागितला.

परबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दिशा, पासवर्ड?"

"मला काय विचारता? तुमच्या कमिटीने ठराव केला होता ना? मला पण भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं."

ही गोष्ट खरी होती. मंडळाच्या कपाटाला दोन कुलपं आहेत. एक किल्ली अध्यक्षांकडे, दुसरी सेक्रेटरींकडे, म्हणजे एकट्याला कपाट उघडता येत नाही. तीच शिस्त डेटाबेसला लावावी असा ठराव एकमताने झाला होता. अर्धा पासवर्ड अध्यक्ष जयवंत राण्यांचा, अर्धा सेक्रेटरी मधुकर गावड्यांचा. दोघांनी आपापला टाकला आणि चहा पडेपर्यंत तो जुन्या लॅपटॉपने लक्षात ठेवला.

"नवीन नाही करता येणार?"

"येईल. पण त्या मशीनला मॉनिटर लावून बसायला लागेल. मॉनिटर शिमग्याला जळला तुमचा. आणि पप्पा, खरं सांगू? फोनवरून तुमच्याकडून नाही होणार."

आता उरला एकच मार्ग, दोघांना बोलावणं. पण दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. पहिल्या बसची एक नंबरची सीट अध्यक्षांची आणि दोन नंबरची सेक्रेटरींची, असा मंडळाचा शिरस्ता. गेल्या वर्षी राण्यांनी खिडकी बंद ठेवली, गावड्यांना उघडी हवी होती, आणि पनवेलपासून कणकवलीपर्यंत जे शब्द गेले ते परत आले नव्हते. दोघे राहायचे एकाच मजल्यावर, समोरासमोर.

"तो आसात थय मी येवचंय नाय," गावडे म्हणाले.

"मी अध्यक्ष आसंय. माका बोलावूक येतत, मी कोणाक्‌ वाट बघूक्‌ लावणंय नाय," राणे म्हणाले, आणि पाऊण तास लावून आले.

परबांची बायको नलिनी गावड्यांच्या दारात जाऊन बसली तेव्हा कुठे तेही तिच्याबरोबर आले. पावणेसहा. ठरावाप्रमाणे आधी अध्यक्ष. बाकी सगळे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. राण्यांनी एका बोटाने, श्वास रोखून, अर्धा पासवर्ड टाकला. मग गावड्यांनी. मग परबांनी बटण दाबलं.

प्रवेश नाकारला.

"तेनी चुकीचो घातल्यान!" दोघे एकदम म्हणाले. गेल्या वर्षभरातलं हे त्यांचं पहिलं एकमत.

परत टाकला. नाकारला. परत. नाकारला. परबांनी डोकं टेबलावर टेकवलं. सव्वासहा वाजले. खाली एक ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

"ठरावात तसाच लिवलेला हा," राणे म्हणाले. "प्रथम अध्यक्ष."

"लिवलेला हा," गावडे छताकडे बघत म्हणाले.

त्यांच्या त्या म्हणण्यात काहीतरी खडा होता. तो नलिनीच्या दाताखाली बरोबर आला. ती म्हणाली, "अहो, थांबा जरा. पासवर्ड टाकला त्या दिवशी मशीनची पूजा मी मांडली होती ना! नारळ आणायला जयवंतभाऊजी गेले आणि यायला उशीर झाला. मुहूर्त टळत होता, म्हणून मधूभाऊजींनी आधी टाकला. जयवंतभाऊजींनी आल्यावर त्याच्यामागून टाकला!"

मशीन तेवढं घुरघुरलं.

परबांनी मान वर केली. "जयवंता, तुला हे आठवत होतं?"

राणे शर्टाचं बटण तपासू लागले. "इतिवृत्तात प्रथम अध्यक्ष असाच लिवलेला हा."

"आणि मधू, तुला?"

"माका कोणी विचारल्यान काय?"

परब चौपन्न वर्षांचे होते. गोदामात त्यांनी उंदीर पाहिले होते, इन्स्पेक्टर पाहिले होते, पण असा संताप त्यांच्या डोक्यात कधी चढला नव्हता. त्यांनी फक्त गावड्यांकडे बोट केलं, मग राण्यांकडे. आधी सेक्रेटरी, मग अध्यक्ष. बटण दाबलं.

तीनशे शहाण्णव नावं धाडकन समोर आली. पहिली बस, एक नंबर जयवंत राणे, दोन नंबर मधुकर गावडे. त्याच बसमध्ये अगदी मागच्या रांगेत, चाकाच्याही मागे, बेचाळीस नंबरला मालनआत्ये आणि त्रेचाळीसला इरावती. सीट कमिटीने वाटल्या होत्या. परबांच्या शब्दाला कोणी विचारलंच नव्हतं.

परबांनी लॅपटॉप आपल्याकडे वळवला.

"पासवर्ड सेव्ह करतोय," ते गंभीरपणे म्हणाले. "तोंडं फिरवा. ठराव आहे."

अध्यक्ष आणि सेक्रेटरी निमूटपणे भिंतीकडे वळले, नाकं रंगाला टेकेपर्यंत.

"दिशा," परब फोनमध्ये कुजबुजले, "सीट बदलायला कुठली ओळ टाईप करायची ते सांग."

दिशाने सांगितली. "आणि पप्पा, शेवटी कोणाची सीट ते लिहायला विसरू नका. नाहीतर तीनशे शहाण्णव माणसं एकाच सीटवर बसतील."

"नाही विसरत. कोणाची ते पक्कं लक्षात आहे."

चार ओळी. चार टिचक्या. परबांनी अजिबात घाई केली नाही. खाली ड्रायव्हरचा हॉर्न चालू होता, प्रिंटरने पहिला कागद ओढला, आणि या वेळी तो अडकला नाही.

"झाला काय रे?" भिंतीतून राण्यांचा आवाज आला.

"झालं," परब म्हणाले, आणि पहिल्या बसचा कागद घडी करून खिशात ठेवला. बेचाळीस आणि त्रेचाळीस नंबरला खिडकी नसते.