बर्फाच्या डब्यावाल्या बाई

धुळे–जळगाव बसमध्ये या बाई मला नेहमी भेटतात. मांडीवर बर्फाचा डबा असतो. खड्डा आला की डबा अलगद उचलून धरतात आणि स्वतः आपटतात. परवा माझी जीभ वळवळलीच. "कुल्फी का हो?"

"गर्भाशयातला द्रव," बाई म्हणाल्या. त्यांना हळू बोलता येतच नाही. "त्यातली प्रथिनं तपासते. गर्भ का रुजत नाही, ते शोधायचंय."

अख्खी बस वळली. मी घाईघाईनं बाहेरची कपाशी न्याहाळू लागलो.

मागच्या सीटवरून एक म्हातारी पुढे वाकली. शेजारी तिची सून, मान खाली घालून. "बाई, मनी सूनमाच दोष शे. पोऱ्यानं दुसरं लगीन करनं शे आते."

"अक्का, आम्ही यंत्रं लावून बसलोय, तरी आम्हाला अजून पुरतं उमगलं नाही. तुम्हाला घरबसल्या कसं कळलं? मुलाला तपासलंत?"

मी उगाच खोकलो. बाईंनी माझ्याकडे न बघता माझ्या हातावर खडीसाखर ठेवली.

पारोळं आलं, तेव्हा म्हातारीनं सुनेकडे वळून बघितलं. मग तिनं मुलाला फोन लावला.

"तू भी चाल दवाखानामा. काय? लाज वाटस? मंग इले काय वाटत व्हई?"