काचेचे टोपडे

अंबूताईंना मी प्रथम पाहिले ते आष्ट्याला, माझ्या माहेरी, परसदारी हात धुताना. मला सातवा महिना लागला होता. ताई कोपरापर्यंत साबण लावून इतका वेळ हात धूत होत्या की पाणी घालणारी आई थकली. तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "घाला, वैनी, घाला. ह्येच हात तुमच्या नातवंडाला लागायचं हाईत."

त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात जाणती मंडळी लिहितीलच. आष्ट्यापासून माधवनगरापर्यंत त्यांनी किती बाळंतिणी सोडवल्या हे त्यांनाच ठाऊक. मला वडिलांनी घरी शिकवले त्यावरच माझे लिहिणे. म्हणून स्वतःवर गुदरले तेवढेच सांगते. विषय चारचौघांत बोलण्याचा नाही. छापावा की नाही हे ठरेना, तेव्हा मी ताईंनाच विचारले. त्या म्हणाल्या, "जिचं पोर भुकेनं रडतंय, तिच्या उपेगी पडंल. लिव्ह."

लढाईचे दिवस होते. माझी कुसुम जन्मली, पण तिला अंगावर धरता येईना. माझी स्तनाग्रे आत ओढलेली. ती तोंड लावी, सुटे, रडे. तिसऱ्या दिवशी चिरा पडून रक्त आले. माझ्या वडिलांच्या थोरल्या बहिणीने, आत्याबाईंनी, सांगून टाकले की हिला दूधच नाही, शेळीचे दूध कापसाच्या बोळ्याने पाजावे.

ताईंनी हलकेच दाबून दुधाचे थेंब काढून दाखवले. "इहिरीत पानी लय हाय," त्या आत्याबाईंना म्हणाल्या, "पोहऱ्याची दोरी तेवढी आखूड पडतीया." मग त्यांनी पिशवीतून एक वस्तू काढली. स्तनावर बसेल अशी काचेची छोटी टोपी, आणि तिच्या टोकाला बारीक भोकांचे रबरी बोंड. त्या ज्या दवाखान्यात शिकल्या, तेथील मडमेने निरोपाच्या वेळी ती दिली होती. ताई तिला 'टोपडं' म्हणत. रबर तेव्हा बाजारात मिळत नव्हते. त्यांच्यापाशी ते एकच होते.

त्यांनी मला भिंतीला टेकून बसवले, मांडीवर उशी दिली. टोपड्याची कड कोमट पाण्यात बुडवून, स्तनाग्र बरोबर मध्ये येईल असे ते बसवले. बोंडात आधी चार थेंब पिळले, म्हणजे बाळाला तोंड लावताच चव लागावी. मी वाकून बाळाशी जात होते. "तू वाकू नगंस. तिला तुज्याकडं येऊ दे," त्या म्हणाल्या. कुसुमने तोंड मोठे उघडताच, नुसता शेंडा नव्हे, तर पुरे बोंड तिच्या तोंडात जाईल असे त्यांनी तिला जवळ घेतले. ती लुचू लागली. काचेतून दूध दिसत होते. दूध आहे की नाही या काळजीने पोखरलेल्या मला ते दिसणे हेच मोठे औषध झाले.

जाताना ताई म्हणाल्या, दर वेळी स्वच्छ धू आणि उकळ. आमच्या घरी राखेने घासल्याशिवाय भांडे स्वच्छ झाले असे कोणी मानत नसे. त्यातून टोपडे दुसऱ्या बाळांच्या तोंडचे. म्हणून मी कोणाला न सांगता राख वस्त्रगाळ करून घेई, काच आणि रबर दोन्ही घाशी, आणि मग उकळी.

तीन दिवसांनी कुसुम लुचे आणि रडे. काचेत दूध साचे, तिच्या पोटात जाईना. मला वाटले, हिला आता ओढण्याचेही बळ उरले नाही. आत्याबाईंनी शेळीवालीला निरोप धाडला.

सकाळी ताई आल्या. त्यांनी प्रथम विचारले, कालपासून लंगोट किती ओले झाले? मी म्हटले, दोन. त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी टोपड्यात पाणी भरून ते उलटे धरले. थेंबही पडला नाही. मग बोंड उजेडाकडे नेले.

"राखेनं घासलंस व्हय?"

मी होय म्हटले. आई माझ्यावर रागवणार, तोच ताई म्हणाल्या, "तिला नगा बोलू, वैनी. चूक माजी हाय. धू म्हनलं, कशानं ते सांगितलंच न्हाई." उकळलेल्या सुईने त्यांनी भोके मोकळी केली, तीनतीनदा धुऊन पाहिली, आणि कुसुम पोटभर प्याली. शेळीवाली दारातूनच परत गेली.

पुढे त्यांनी हळूहळू टोपडेही सोडवले. बाळ लुचण्यात रंगले की ते अलगद काढायचे आणि तसेच अंगावर धरायचे. नाही धरले तर पुन्हा लावायचे, हट्ट करायचा नाही. दुसऱ्या महिन्यात एका दुपारी कुसुमने ते मागितलेच नाही.

गेल्या वर्षी सांगलीला माझी जाऊ बाळंत झाली, तेव्हा ताईंनी तेच टोपडे काढले. रबर नवे होते, काच तीच. हाती देण्याआधी त्या म्हणाल्या, "राख लावायची न्हाई. एकदा माज्या हातनं चूक झाली, लेकरू दीड दिस उपाशी ऱ्हायलं." मी दारात उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. इतकी वर्षे त्या घरोघरी हे असेच सांगत आल्या आहेत असे मला नंतर कळले.

ताईंनी लेखाला संमती दिली, पण हे लिहिणार असे मी त्यांना सांगितलेले नाही. ती चूक त्यांची नव्हती. राख मी लावली. उपाशी राहिलेले लेकरू माझे, आणि त्याला वाचवणारे हात ताईंचे. त्यांच्या नावावरची ही एकुलती एक चूक या ग्रंथात तरी माझ्या नावावर राहू द्यावी.

कुसुम आता पाच वर्षांची आहे. ताईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, आणि कुसुमच्या लेकराला घेण्यासाठीही कोणाच्या तरी परसदारी त्यांचे हात असेच कोपरापर्यंत धुतले जावोत, एवढेच देवाजवळ मागते. त्या वेळी पाणी मी घालीन.